शब्दाखालची टिंबं

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर लेक डायनिंग टेबलावर एक वही उघडून बसली होती. वही तिची नव्हती, मैत्रिणीची होती. आठवीत आहे ती, आणि त्यांच्या मराठीच्या बाईंनी यंदा असं ठरवलंय की निबंध आधी मुलांनी एकमेकांचे तपासायचे, चुका दाखवायच्या, मग ज्याने त्याने सुधारून बाईंकडे द्यायचा. मी ओटा पुसता पुसता सहज मागून डोकावले. 'माझ्या आजोळचा एक दिवस' असं नाव, निळ्या शाईतलं जरा तिरकं, दाटीवाटीचं अक्षर, आणि त्यावर माझ्या लेकीचं लाल जेलपेन. 'आणी'ची दुसरी वेलांटी खोडून पहिली केलेली. 'विहीरीवर'चं 'विहिरीवर' केलेलं. दोन्ही बरोबर, मनात म्हटलं शाबास. आणि त्याच्या खालच्या ओळीत होतं, 'आज्जीनं चुलीवर भाकऱ्या केल्या आणि वांग्याचं कोरड्यास केलं.' त्यातल्या 'कोरड्यास'वर लाल रेघ, एक नाही, एकावर एक तीन, आणि वर सुबक ठळक अक्षरात लिहिलेलं, 'भाजी'.

"हे का गं खोडलंस?" मी विचारलं. "चुकलंय ना ते. कोरड्यास काय? वाक्यच लागत नाही." "अगं शब्द आहे तो." "मी नाही कधी ऐकला." खरंच होतं, आमच्या घरात तो शब्द कुणी वापरत नाही, तिने ऐकणार कुठून. मग मी तिला सांगितलं की सातारा, सांगली, सोलापूरकडे कोरड्या भाकरीबरोबर खायला जे काही रश्शाचं करतात त्याला कोरड्यास म्हणतात, शब्दातच बघ ना, भाकरी कोरडी आहे, तिला लावून खायला काहीतरी ओलं हवं, हे सगळं त्या एका शब्दात आलं, 'भाजी' म्हटलं की त्यातलं काहीच राहत नाही. तिने ऐकून घेतलं. मग वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आता काय करू? जेलपेन आहे, खोडता येणार नाही. व्हाइटनर लावू?" मला पटकन काही सुचलं नाही. म्हटलं राहू दे, सकाळी बघू. ती झोपायला गेली आणि वही तशीच टेबलावर राहिली.

मला काही झोप लागेना.

माझं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलं, बाबांची बँकेतली बदली झाली होती तिथे. शाळेत दर शनिवारी सकाळी श्रुतलेखन असायचं. बाई प्रत्येक शब्द दोनदा उच्चारायच्या, तिसऱ्यांदा नाही, एकूण शब्द वीस, आणि संपले की म्हणायच्या, "पेन्सिली खाली, वह्या बदला." पुढच्या बाकाने मागे द्यायची, मागच्याने पुढे. सगळ्या वर्गात एकदम पानांची फडफड व्हायची आणि मग शांतता, कारण आता प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याची वही असायची. वह्यांचे वाससुद्धा वेगवेगळे असायचे, एकीच्या वहीला खोबरेल तेलाचा, एकीच्या वहीला लोणच्याचा, कुणाच्या पानात मोरपीस आणि ते वाढावं म्हणून त्याच्याशेजारी पेन्सिलीचा भुसा. बाई फळ्यावर शब्द लिहायच्या आणि आम्ही तपासायचो. बरोबरला बरोबरची खूण, चुकीला फुली, चुकलेल्या शब्दाभोवती गोल, खाली वीसपैकी गुण आणि त्याखाली 'तपासणार' असं लिहून आपली सही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला सही करायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट असते! लाडक्या मैत्रिणीची वही आली की काही मुली हळूच हात चालवायच्या, पहिल्या उकाराला पेन्सिलीने एक फाटा ओढला की झाला दुसरा उकार, आणि भांडण झालेलं असलं की अनुस्वार जरासा फिकट दिसला तरी फुली. मी यातलं काहीच करत नव्हते. मी काटेकोर होते. कुणाचीच चूक सोडायचे नाही, जवळच्या मैत्रिणीचीही नाही, आणि बाई मला त्याबद्दल वर्गात शाबासकी द्यायच्या.

माझ्या मागच्या बाकावर बसणारी मुलगी एका वाडीवरून चालत यायची. तिच्या घरच्या बोलण्यात 'ण' नव्हताच. पानी, लोनी, बहीन, कोन. बाईंनी 'पाणी' म्हटलं तरी शब्द तिच्या कानात शिरून, घरी एक फेरी मारून मग वहीत उतरायचा, तो 'पानी' होऊनच. नळाचा न आणि बाणाचा ण, बाई दर शनिवारी सांगायच्या, तीही मान हलवायची. आणि दर शनिवारी मी तिच्या 'पानी'भोवती गोल करायचे. एकदा फिरवून थांबत नव्हते, दोन-तीनदा गिरवायचे, पेन्सिल कागदात रुतून मागच्या पानावर उमटेल असा. शेजारी माझ्या वळणदार अक्षरात 'पाणी' लिहायचे. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायचा असायचा, तो ती मधल्या सुट्टीत लिहीत बसायची, एका हाताने घास घेत आणि दुसऱ्या हाताने पाणी पाणी पाणी. एकदा मी तिला वीसपैकी अकरा दिले होते, त्याच दिवशी तिने डबा माझ्यापुढे केला. वांग्याचं होतं, वर तेलाचा तवंग, कारळाच्या कुटाने काळपट झालेलं, आणि ज्वारीच्या भाकरीचा खालचा पापुद्रा त्यात भिजून मऊ पडलेला. "कोरड्यास हाय, खा की," म्हणाली. मी खाल्लं. इतकं आवडलं की घरी जाऊन आईला म्हटलं आपण पण कोरड्यास करू या, आणि आईला कळेचना मी काय मागतेय.

सहावीत एकदा 'आमची विहीर' असा निबंध होता आणि तेव्हाही बाईंनी वह्या बदलायला लावल्या. तिचा निबंध माझ्याकडे आला. मी पेन्सिल हातात घेऊन 'पानी' शोधत होते, आणि अख्ख्या निबंधात एकही 'पानी' नव्हतं. 'आमच्या विहिरीत खूप जल आहे. आम्ही रोज जल शेंदतो. आई चुलीवर जल तापवते. म्हशी जल पितात.' पानभर जल. मी दोन-तीन किरकोळ चुका काढल्या, एक पूर्णविराम दिला, आणि खाली लिहिलं, 'सुधारणा आहे'. सही केली.

हे मी त्यावेळी अगदी मनापासून लिहिलं होतं. तिला बरं वाटेल असंही वाटलं होतं. कितीतरी वर्षांनी, लग्न होऊन, मूल होऊन, एका दुपारी माठात पाणी भरताना मला अचानक ते 'आई चुलीवर जल तापवते' आठवलं आणि हात थांबला. पाणी हा शब्द तिला लिहिता येत नव्हता असं नाहीच, दहा-दहा वेळा लिहून एव्हाना आलाच असणार. पण ऐन वेळी न का ण हा घोळ मनात होणार, आणि वही जाणार माझ्याकडे, आणि मी गोल करणार. म्हणून तिने तो शब्दच टाळला. जी मुलगी शाळेत यायच्या आधी रोज पहाटे पाणी शेंदून डोक्यावरून घरी आणत होती तिला पाणी हा शब्द वापरायची भीती वाटली, आणि ती माझ्यामुळे वाटली.

आता कुणी म्हणेल की मग 'पानी' चालवून घ्यायचं होतं का. नाही. श्रुतलेखनात 'पाणी'च पाहिजे, तेच तर शिकायचं असतं, आणि पुढे परीक्षेत त्या 'पानी'चे गुण गेलेच असते, तेव्हा चूक न दाखवणं हाही तिच्यावर अन्यायच झाला असता. मला खुपतो तो गोलाचा दाब. एकच चूक पानावर पाच वेळा असली की पाच गोल, हे खुपतं. आणि तिच्या शब्दाच्या डोक्यावर माझा शब्द लिहून ठेवणं. ती चूक तिने स्वतः शोधून दुरुस्त करावी एवढी जागाच मी कागदावर ठेवत नव्हते.

असंच एक आजोबांचं आठवतं. ते कोकणात असायचे आणि महिन्याला एक अंतर्देशीय पत्र यायचं, निळ्या कागदावर काळ्या शाईत, कडेकडेने आडवंतिडवं सुद्धा लिहिलेलं, कारण जागा वाया घालवायची नाही. चौथीत असेन मी. श्रुतलेखन अंगात भिनलेलं होतं, पत्र उघडलं आणि बघते तर ओळीओळीला चुका. 'येथें पाऊस कांहीं नाहीं. विहिरींत पाणी खालीं गेलें आहे.' सगळीकडे टिंबंच टिंबं. मी पेन्सिल घेतली आणि एकेका अनुस्वाराभोवती गोल केला. सदतीस झाले. खाली लिहिलं, 'सदतीस चुका', आणि सही. बाबांनी ते बघितलं आणि आधी हसले, मग मला जवळ बसवून सांगितलं की आजोबांचं काही चुकलेलं नाही, ते शाळेत होते तेव्हा असंच लिहायचे, न उच्चारलेले अनुस्वार द्यायचे ही तेव्हाची रीतच होती, नंतर नियम बदलले. मला तेव्हा एवढंच कळलं की नियम बदलतात, आणि ते ऐकून पोटात जरा खड्डा पडल्यासारखं झालं होतं. पुढे कळलं की साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम सरकारने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यात चारांची भर पडली, आणि आज आपण ज्यांच्या नावाने एकमेकांना फुल्या मारतो ते सगळे नियम मिळून हे एवढे अठरा. म्हणजे आजोबांनी आयुष्याची चाळीसेक वर्षं जसं लिहिलं ते एका ठरावाने जुनं झालं, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी त्यांच्या नातीने त्यावर पेन्सिल फिरवली.

बाबांनी गंमत म्हणून पुढच्या पत्रात त्यांना कळवलं, की तुमचं पत्र तपासून झालं, सदतीस चुका आहेत. त्यावर जे उत्तर आलं ते पत्र माझ्याकडे अजून आहे. आजोबांनी सगळे अनुस्वार काढून लिहायचा प्रयत्न केला होता. पण हाताला सवय, टिंब पडायचंच, मग ते त्यांनी टाकाच्या टोकाने खरवडून काढलेलं. पत्र उजेडासमोर धरलं की 'नाही'वर, 'येथे'वर, 'गेले'वर कागद पातळ झालेला दिसतो, बारीक बारीक उजेडाचे ठिपके. आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, 'या वेळीं किती गुण?' त्या 'वेळीं'वरचा अनुस्वार खरवडायचा राहून गेलाय.

सत्तरीच्या माणसाने नातीसाठी हे केलं.

कॉलेज झाल्यावर मी पुण्यात दोन वर्षं एका छोट्या छापखान्यात प्रुफं वाचायचं काम केलं. शिशाचे खिळे जुळवायचे दिवस संपून डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं होतं, पण प्रूफ वाचायची रीत जुनीच होती. पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांची प्रुफं यायला लागायची आणि गणपतीपर्यंत टेबलावर कागदांचे ढीग. तिथे एक काका होते, तीसेक वर्षं त्याच कामात गेलेली, जाड भिंगाचा चष्मा, आणि खिशात कायम दोन पेन्सिली, एक टोक केलेली आणि एक बोथट. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक पान दिलं आणि मी आपल्या शाळेतल्या सवयीने शब्दांवर गोल करून वर बरोबर शब्द लिहिले. ते बघून म्हणाले, "बाई, ओळ लेखकाची आहे, तुमची जागा समासात." मग त्यांनी खुणा शिकवल्या. नको असलेल्या अक्षरावर छोटीशी रेघ आणि समासात शेपटीची गाठ मारल्यासारखी खूण, म्हणजे काढून टाका. दोन अक्षरं उलटसुलट पडली असतील तर त्यांच्या अंगावरून लाटेसारखी रेघ. फुटलेला शब्द जोडायचा असेल तर वरखाली दोन छोट्या कमानी. एकच चूक पुन्हा पुन्हा असली तर पहिल्या ठिकाणी दुरुस्त करून समासात 'सर्वत्र' लिहायचं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी पान घाण करायचं नाही. तो 'सर्वत्र' शब्द शिकले तेव्हा मला मागच्या बाकावरच्या वहीची पहिल्यांदा खरी लाज वाटली होती.

काकांचं आणखी एक होतं. चूक आणि शंका या दोन गोष्टी ते कधी एकत्र करायचे नाहीत. 'परिक्षा' ही चूक, सरळ दुरुस्त करायची. पण एखादा शब्द आपल्या कानाला नवा वाटला, एखादं वाक्य आपण वेगळं लिहिलं असतं, ती शंका. शंकेला समासात फक्त प्रश्नचिन्ह, त्याभोवती बारीक गोल, आणि लेखकाला विचारायचं. मराठवाड्यातल्या एका लेखकाच्या कथेत मी एकदा उत्साहाने बारा शब्द 'शुद्ध' केले होते, काकांनी बोथट पेन्सिल काढली आणि माझ्या प्रत्येक दुरुस्तीवर काट मारून मूळ शब्दाखाली टिंबं दिली, एका ओळीत, चार-पाच, हलक्या हाताने. समासात लिहिलं, 'आहे तसे'. मी विचारलं ही काय खूण, तर म्हणाले, आपल्या हातून चुकून खोडलं गेलं की ही द्यायची, शब्द परत उभा राहतो. या खुणेचं मला अजून नवल वाटतं. दुसऱ्याचं लिखाण तपासणाऱ्यांनी आपल्या खुणांमध्ये एक खूण तपासणाऱ्याच्या चुकीसाठी राखून ठेवलेली आहे! शाळेत आम्हाला फुली शिकवली, गोल शिकवला, पण ही नाही शिकवली.

त्या रात्री डोक्यात व्हाइटनरही घोळत होतं, लेक म्हणाली होती ना, व्हाइटनर लावू का. जुन्या हस्तलिखित पोथ्या कधी जवळून बघितल्या असतील तर काळ्याभोर अक्षरांच्या मध्ये मध्ये पिवळे डाग दिसतात. तो हरताळ. आर्सेनिकचं पिवळं खनिज असतं ते, त्याचा लेप करून चुकलेल्या अक्षरावर फासायचे आणि वाळला की त्यावरच नीट अक्षर लिहायचे. आपण सहज म्हणतो ना, अमक्याने नियमांना हरताळ फासला, ते इथूनच आलंय. पूर्वीचं व्हाइटनरच म्हणायचं. आणि एखादं अक्षर किंवा शब्द राहून गेला असेल तर तिथे काकपदाची खूण, कावळ्याच्या पायासारखी, आणि राहिलेलं वर किंवा समासात. पोथी नकलून काढणारे शेवटी एक श्लोक टाकायचे, यादृशं पुस्तकं दृष्ट्वा, म्हणजे जसं समोर दिसलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो अशुद्ध असो, दोष मला देऊ नका. मला त्या नक्कल करणाऱ्यांची नेहमी कणव येते. मान मोडून, डोळे फोडून दुसऱ्याचा शब्द न् शब्द उतरवायचा आणि शेवटी पुन्हा माफी मागायची. पण त्यात एक शिस्तही आहे, समोर आहे ते आपल्याला पटलं नाही तरी बदलायचं नाही.

आणि मग नाथ. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली होती, प्रतीवरून प्रती होताना ओव्या बिघडल्या होत्या, कुणी आपल्या पदरच्या घातल्या होत्या, तेव्हा एकनाथांनी निरनिराळे पाठ ताडून बघत शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, शुद्ध प्रत तयार केली. स्वतः केवढे मोठे कवी, ओवी तर त्यांच्या हातचा मळ, कुठे एखादी जागा अडली असती तर आपली ओवी बसवून मोकळे झाले असते आणि कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी शेवटी लिहून ठेवलंय की या ग्रंथात जो आपली मराठी ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी, नारळाची रिकामी करवंटी. 'कोरड्यास'वर लिहिलेलं 'भाजी' बघितल्यापासून मला तीच नरोटी दिसत होती. मैत्रिणीच्या ताटात आजीचं कोरड्यास वाढलेलं होतं आणि माझ्या लेकीने त्यावर तिला माहीत असलेला शब्द आणून ठेवला होता. 'पानी'वरचा माझा 'पाणी' नियमाला धरून तरी होता. पण छापखान्यात मी 'शुद्ध' केलेल्या त्या बारा शब्दांपैकी एकाला तरी तो आधार होता का? आणि मी तेव्हा लेकीसारखी आठवीत नव्हते, चांगली पदवी घेतलेली होते.

लेकीला हे सगळं नवं आहे असंही नाही. शाळेचा ग्रुप प्रोजेक्ट असला की त्या चौघी गूगल डॉक्सवर लिहितात, आणि तिथे सजेशन मोड लावला की दुसरीने केलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो, मूळ शब्द नुसता खोडल्यासारखा पण जागेवरच, आणि मूळ लिहिणारी तो बदल स्वीकारते किंवा नाकारते. मला हे फार आवडलं होतं पहिल्यांदा बघितलं तेव्हा. पण वही समोर आली, लाल पेन हातात आलं की तीच मुलगी एकदम बाई होते. पेनाचा रंग बोलतो की काय कोण जाणे, मीही लाल पेन हातात घेतलं की पाठ ताठ करते.

सकाळी ती दूध पीत असताना मी पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी बसले. म्हटलं व्हाइटनर नको, खाली दुसरा शब्द होता हे झाकायचं कशाला, आणि तिचा शब्दही झाकला गेला तर तिला तो परत लिहावा लागेल. तिला टिंबांची खूण दाखवली, एका रद्दी कागदावर. तिने लगेच विचारलं, "मग 'आणी'खाली पण देऊ?" नाही, म्हटलं, ते चूकच आहे, ते तू बरोबर काढलंस. 'विहीरी'चंही. मग तिला चूक आणि शंका सांगितलं, काकांनी मला सांगितलं होतं तसंच जवळजवळ. तिने बराच वेळ वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे ही टिंबं बघून तिला कळणार की मी चुकले." कळणार, म्हटलं. ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही, कारण हे तिने ठरवायचं होतं, मी तिच्या हातातली पेन्सिल घेऊन टिंबं दिली असती तर मग लाल पेनाचंच काम मी पुन्हा केलं असतं.

शेवटी तिने 'भाजी'वर एक हलकी रेघ मारली. मग लाल रेघांच्या खाली, 'को'पासून सुरू करून, एकेक टिंब. 'स'च्या काठीखाली शेवटचं पडलं तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं, ते तिने बोटाने झटकलं आणि समासात लिहिलं, 'हे आहे तसं ठेव. मला माहीत नव्हतं.' दुसरं वाक्य मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आली तेव्हा मी विचारलं काय म्हणाली मैत्रीण. काही नाही, टिंबं कसली ते विचारलं, मी सांगितलं, बरं म्हणाली. एवढंच. तिला वाईट वाटलं होतं का, रेघा बघून, तर लेक म्हणाली माहीत नाही, ती जास्त बोलत नाही. मला त्या उत्तराने पुन्हा खुटखुट लागलीय. टिंबांनी शब्द परत उभा राहतो, ठीक आहे, पण त्या तीन लाल रेघाही कागदावर आहेतच, आणि त्या मुलीने त्या आधी बघितल्या असणार.

पुढच्या शुक्रवारी दुसरा निबंध आहे, 'आमच्या घरचा सण'. लेकीला सांगून ठेवलंय, तिची वही तुझ्याकडे तपासायला आली तर मला दाखव. त्या घरी जेवणाचं वर्णन ती काय शब्दात करते ते मला बघायचंय.